हिशेबखात्यातली दहा वर्षं

२८ फेब्रुवारीला आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. शाळाशाळांतून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या फोटोला हार घालतात आणि मुलं भाषणं करतात. भाषणांचा साचा ठरलेला आहे. १८८८ मध्ये जन्म, लहानपणापासून कुशाग्र बुद्धी, १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध, १९३० मध्ये नोबेल. मधे कुठेतरी एक वाक्य येतं, 'काही काळ त्यांनी सरकारी नोकरी केली.' टाळ्या.

हा 'काही काळ' दहा वर्षांचा होता. १९०७ ते १९१७, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत. शास्त्रज्ञाच्या आयुष्यातला हा काळ सगळ्यांत तल्लख समजतात, आणि हा माणूस तो काळ ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यात हिशेब तपासत होता. मी स्वतः आयुष्यभर सरकारची चाकरी केली. पोस्टिंग, रजा, कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट, पेन्शन हे शब्द माझ्या अंगवळणी पडलेले. त्यामुळे मला रामन यांच्या नोबेलपेक्षा ही दहा वर्षं जास्त खुणावतात. आज त्यांच्याबद्दलच बोलू.

पहिला प्रश्न साधा आहे. हा मुलगा हिशेबखात्यात गेलाच का? वडील विशाखापट्टणमच्या कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. घरात पुस्तकं होती. अकराव्या वर्षी मॅट्रिक, १९०४ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने बी.ए., १९०७ मध्ये एम.ए., तेही पहिल्या क्रमांकाने. त्याआधीच, नोव्हेंबर १९०६ मध्ये, लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये त्यांचा पहिला निबंध छापून आला होता. आयताकृती फटीवर प्रकाश तिरका पडला की कडेचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे दिसत नाहीत, हे त्यांनी कॉलेजच्या साध्या वर्णपटमापकावर पाहिलं होतं. लेखक जेमतेम अठराचा. प्राध्यापक जोन्स भला माणूस होता. त्याने या विद्यार्थ्याला मोकळं सोडलं, तासांना बसायची सक्ती केली नाही.

असा मुलगा आज असता तर त्याला परदेशी विद्यापीठांची पत्रं आली असती. तेव्हा विलायतेला पाठवायचा विचार झाला, तर मद्रासच्या सिव्हिल सर्जनने तपासून सांगितलं की हा किरकोळ प्रकृतीचा मुलगा तिकडच्या थंडीत टिकायचा नाही. झालं, विलायत संपली. आय.सी.एस.ची परीक्षाही विलायतेतच द्यावी लागे, म्हणजे तीही संपली.

मग इथेच राहून शास्त्र शिकवायचं, तर कुठे? सरकारी कॉलेजांतल्या वरच्या जागा इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसच्या, आणि त्या बहुतेक गोऱ्यांसाठी. जगदीशचंद्र बोस केंब्रिजहून शिकून १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, तेव्हा हिंदी माणूस म्हणून त्यांना कमी पगार देऊ केला. त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही आणि शिकवत राहिले. प्रफुल्लचंद्र राय एडिंबराची डॉक्टरेट घेऊन आले, तरी त्यांना प्रांतिक सेवेतली दुय्यम जागाच मिळाली. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर विलायत न पाहिलेल्या मद्रासी मुलाला कोण विचारणार होतं? बुद्धी आणि पोट दोन्हींना पुरेल अशी एकच वाट उरत होती, अर्थखात्याची स्पर्धा परीक्षा. थोरला भाऊ सुब्रह्मण्य त्याच खात्यात होता. (जाता जाता सांगतो, या थोरल्या भावाचा मुलगा १९१० मध्ये लाहोरला जन्मला, कारण वडिलांची नेमणूक तिथे होती. तोच पुढे नोबेल मिळवणारा सुब्रह्मण्यम चंद्रशेखर. हिशेबखात्यातल्या एका घराण्याने देशाला दोन नोबेल दिली म्हणायची.)

परीक्षेत इतिहास, अर्थशास्त्र असले विषय होते. रामन यांनी ते पाठ केले आणि पहिले आले. त्याच वर्षी लोकसुंदरी या वीणा वाजवणाऱ्या मुलीशी लग्न झालं आणि १९०७ च्या मध्याला हे नवं जोडपं कलकत्त्यात आलं. हुद्दा असिस्टंट अकाउंटंट जनरल. घरच्यांच्या दृष्टीने आयुष्य मार्गी लागलं होतं.

आता पाहा, नशिबाचा भाग असतोच. ऑफिसातून ट्रामने येता-जाता त्यांना बहूबाजार रस्त्यावर एक पाटी दिसली, 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'. पत्ता, २१० बहूबाजार स्ट्रीट. ते उतरले आणि जाऊन दार ठोठावलं. आशुतोष डे नावाच्या माणसाने दार उघडलं. सगळे त्यांना आशुबाबू म्हणत. आत मोठं सभागृह, उपकरणांची कपाटं आणि शुकशुकाट.

ही इमारत तिथे कशी आली ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉक्टर महेंद्रलाल सरकार हे कलकत्ता विद्यापीठाचे एम.डी., शहरातले नावाजलेले डॉक्टर. १८६७ मध्ये त्यांनी भर सभेत होमिओपॅथीची बाजू घेतली आणि डॉक्टरांच्या जमातीने त्यांना वाळीत टाकलं. होमिओपॅथीबद्दल त्यांचं मत बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. महत्त्वाचं हे की या माणसाने जातभाईंची पर्वा केली नाही. हिंदी लोकांनी स्वतःच्या पैशाने, स्वतः चालवलेली विज्ञानसंस्था हवी, असं त्यांनी १८६९ मध्ये लिहिलं, राजेरजवाड्यांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांपुढे हात पसरला आणि १८७६ मध्ये संस्था उभी केली. पुढची अठ्ठावीस वर्षं ती चालवली. व्याख्यानं झाली, लोक ऐकायला आले. पण आयुष्य ओतून संशोधन करणारा माणूस काही मिळाला नाही. १९०४ मध्ये महेंद्रलाल गेले ते ही खंत मनात ठेवूनच. आखाडा बांधून तयार, माती मळलेली, पण पैलवान नाही, अशी स्थिती.

तीन वर्षांनी पैलवान ट्राममधून उतरला. तोवर चिटणीस म्हणून महेंद्रलाल यांचे चिरंजीव अमृतलाल काम पाहत होते. त्यांनी या अठरा वर्षांच्या अधिकाऱ्याची पदवी, ओळख, शिफारस काही विचारत न बसता प्रयोगशाळा उघडून दिली. माझ्या मते हिंदी विज्ञानाच्या इतिहासातला हा एक मोठा निर्णय आहे, आणि त्याची फाईल कुठेही नाही.

रामन राहायलाही जवळच, स्कॉट्स लेनमध्ये आले. मग सुरू झाली दुहेरी हजेरी. त्यांनीच पुढे वर्णन केलं आहे त्याप्रमाणे दिनक्रम असा. पहाटे साडेपाचला असोसिएशनमध्ये. पावणेदहाला घरी, आंघोळ, घाईघाईने चार घास आणि उशीर नको म्हणून टॅक्सीने ऑफिस. पाच वाजता ऑफिस सुटलं की थेट असोसिएशन. रात्री साडेनऊ-दहाला घर. रविवारी सबंध दिवस असोसिएशन. हे एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. या वेळापत्रकात संसार कोणी चालवला असेल हे सांगायला नको. लोकसुंदरीबाईंचा उल्लेख चरित्रांत लग्नाच्या पानावर येतो आणि मग एकदम नोबेलच्या पानावर, ही चरित्रकारांची कंजुषी आहे.

या काळात त्यांनी विषय कोणता निवडला? ध्वनी. त्यामागे शहाणपण होतं. जर्मनीत, इंग्लंडमध्ये तेव्हा अणू आणि किरणोत्सर्ग यांच्यावर काम चाललं होतं. त्याला लागणारी सामग्री बहूबाजारात नव्हती. पण तार, धनुकली, कातडं, लाकूड ही सामग्री मुबलक होती, आणि कान तयार होता. वडील व्हायोलिन वाजवत, बायको वीणा. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार गजाला चिकटून थोडी सरकते, मग सुटून झटक्याने मागे जाते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा. या साध्या दिसणाऱ्या गोष्टीतलं गणित भयंकर आहे. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने ते सुरू केलं होतं, रामन यांनी पुढे नेलं. एकतारीवर त्यांनी लिहिलं. व्हायोलिन आणि चेलो या वाद्यांत एखादा सूर मधेच गुरगुरतो, त्यावरही लिहिलं.

पण मला सगळ्यांत आवडणारं काम मृदंग आणि तबल्यावरचं आहे. ते थोडं पुढचं, १९२० च्या सुमाराचं, पण बी याच काळातलं. साध्या ढोलाच्या कातड्यावर थाप मारली की जे निरनिराळे नाद उमटतात त्यांचं एकमेकांशी सुरेल नातं नसतं, म्हणून ढोल घुमतो पण सुरात लागत नाही. तारेचं तसं नाही. तिचे वरचे नाद मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे बसतात. आपल्या जुन्या कारागिरांनी कातड्याच्या मधोमध शाई चढवली, थरावर थर देत, घोटत. त्या वजनामुळे कातड्याचे नाद बदलतात आणि तारेसारखे पूर्ण पटीत येतात. म्हणून तबला सुरात लावता येतो. जे कारागिराच्या बोटांना माहीत होतं ते रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी मोजून 'नेचर'मध्ये छापलं. माझ्यासारख्या साध्या पदवीधराला भौतिकशास्त्र समजायला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. तुमच्या गावात तबला भरणारा कोणी असेल तर त्याच्यापुढे तासभर बसून पाहा.

सगळं सुरळीत लागलं आणि बदलीचा हुकूम आला. १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये नागपूर. सरकारी माणसाला हे नवं नाही. बूड टेकतं न टेकतं तोच कागद येतो. फौजेत आम्ही ट्रंक कधी पूर्ण रिकामीच करत नसू. पण ज्याची प्रयोगशाळा मागे राहते त्याचं काय? रामन यांनी घरातच प्रयोगशाळा मांडली. रंगूनलाही, नागपूरलाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. तिथल्या मुक्कामात ऑफिसनंतर घरी तारा आणि भिंगं घेऊन बसलेला हा बावीस वर्षांचा अधिकारी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विक्षिप्तच वाटला असेल. त्याच वर्षी वडील वारले. रजा घेऊन ते मद्रासला गेले, तर तिथेही जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. १९११ मध्ये पुन्हा कलकत्ता मिळालं आणि दुहेरी हजेरी परत चालू झाली. १९१२ मध्ये कर्झन पारितोषिक, १९१३ मध्ये वुडबर्न पदक.

आता दुसरा पैलवान येतो, तोही मिशाळ आणि धिप्पाड. सर आशुतोष मुखर्जी, हायकोर्टाचे न्यायाधीश आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. विद्यापीठ म्हणजे नुसती परीक्षा घेणारी कचेरी नव्हे, तिथे शिकवणं आणि संशोधन झालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. सरकार पैसे देत नव्हतं, तेव्हा बॅरिस्टर तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी आपली कमाई विद्यापीठाच्या ओंजळीत ओतली. मार्च १९१४ मध्ये सायन्स कॉलेजची कोनशिला बसली. पालित यांच्या देणगीची अट अशी की या खुर्च्यांवर हिंदी प्राध्यापकच बसतील. भौतिकशास्त्राच्या पालित प्राध्यापकपदासाठी मुखर्जींनी बोट दाखवलं ते हिशेबखात्यातल्या रामन यांच्याकडे. ज्याच्याकडे डॉक्टरेट नाही, ज्याने विलायत पाहिली नाही आणि ज्याने कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नाही असा उमेदवार! आजची निवड समिती अर्ज छाननीतच बाद करील.

रामन हो म्हणाले. पण 'हो' आणि रुजू होणं यांत तीन वर्षं गेली. इथे तीन गोष्टी होत्या.

पगार जवळपास निम्म्यावर येणार होता. दहा वर्षांची सेवा झालेल्या अधिकाऱ्याला पुढची बढती, पुढचं पेन्शन डोळ्यांसमोर दिसत असतं. ते सोडायचं म्हणजे काय, हे ज्याने महिन्याच्या एक तारखेची सवय केली आहे त्यालाच कळेल. स्वतः मुखर्जींनी या त्यागाचा जाहीर उल्लेख केला आणि विद्यापीठाचा पगार भरघोस नाही याबद्दल खेद व्यक्त केला.

दुसरी गोष्ट, परतीची वाट. सरकारी जागेवरचा हक्क राखून विद्यापीठात जाता आलं असतं तर बरं झालं असतं. ते जमलं नाही. राजीनामाच द्यावा लागला. मागचा पूल पाडून पुढे जायचं म्हणतात, ते हे.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. प्राध्यापकाने आधी परदेशी जाऊन प्रशिक्षण घ्यावं असं कलम होतं. रामन यांनी साफ नकार दिला. माझं काम माझ्या देशात झालं आहे आणि ते तिकडच्या पत्रिकांत छापून आलं आहे, आता मी तिकडे काय शिकायला जाऊ, असा त्यांचा रोख. कोणी याला अहंकार म्हणेल. त्यांच्यात अहंकार होताच, तो लपवायचं कारण नाही. पण विलायतेचा शिक्का असल्याशिवाय हिंदी माणूस पुरा होत नाही या समजुतीवर त्या काळात असा नकार देणं ही लहान गोष्ट नव्हती. विद्यापीठाने कलम सोडलं. जुलै १९१७ मध्ये रामन प्राध्यापक झाले.

पालित प्राध्यापकाला एम.ए.च्या वर्गांना शिकवण्याची सक्ती नव्हती. त्याचं काम संशोधन. तरी ते शिकवत राहिले. त्याच कॉलेजात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे तरुण आधीच शिकवत होते. एका इमारतीत अशी तीन माणसं! दोन वकिलांचा पैसा सत्कारणी लागला असं म्हणायला हरकत नाही.

विद्यार्थी निवडताना मात्र रामन यांना स्वतःचा आडवळणी रस्ता आठवत असावा. के. एस. कृष्णन मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते, ते १९२० मध्ये भौतिकशास्त्र शिकायला कलकत्त्यात आले आणि पुढे नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे पहिले संचालक झाले. के. आर. रामनाथन आणि एल. ए. रामदास हवामानखात्यात गेले. शेतीच्या हवामानशास्त्राचा विभाग १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाला तो रामदास यांच्या हाताखाली. आणि आशुबाबू? ज्यांनी दार उघडलं होतं, ज्यांनी कॉलेजची पायरी चढली नव्हती, त्यांचं नाव १९२० च्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये रामन यांच्या बरोबरीने आहे. विषय, पाण्यात वस्तू पडली की होणारा 'डुबुक' आवाज.

१९२१ मध्ये रामन पहिल्यांदा विलायतेला गेले, ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेला. परतताना 'नारकुंडा' बोटीवर भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना धरून ठेवलं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅले यांनी म्हटलं होतं. रामन यांच्या खिशात निकोल लोलक असे. त्यातून विशिष्ट कोनात पाहिलं की पृष्ठभागावरचं प्रतिबिंब गळतं. मोटार चालवताना पोलरॉइड चष्म्याने रस्त्यावरची चकाकी जाते ना, तसं. प्रतिबिंब गेलं, तरी निळाई गेली नाही. उलट गडद झाली. म्हणजे रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचाच. त्यांनी 'नेचर'ला जे टिपण पाठवलं त्यावर पत्ता आहे, नारकुंडा बोट, मुंबई बंदर, २६ सप्टेंबर. मुंबईकरांनी हे लक्षात ठेवावं.

तिथून १९२८ पर्यंतची सात वर्षं म्हणजे द्रवांमधून प्रकाश सोडून बाजूला काय विखुरतं ते पाहत बसणं. विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज दुसऱ्या रंगाचा एक अंधुक अंश राहतो, हे रामनाथन यांना १९२३ मध्येच दिसलं होतं. तो द्रवातल्या मळाचा परिणाम असेल म्हणून द्रव पुन्हापुन्हा शुद्ध केले, तरी अंश जाईना. १९२८ च्या सुरुवातीला शुद्ध ग्लिसरीनमध्ये तो ठळक हिरवा दिसला, तो वेंकटेश्वरन यांना. हे गृहस्थ कोण? अलीपूरच्या सरकारी टेस्ट हाऊसमध्ये नोकरी करणारे रसायनतज्ज्ञ. नोकरीचे तास संपले की आणि सुटीच्या दिवशी असोसिएशनमध्ये येऊन प्रयोग करणारे. ओळखीचं वाटतं ना? २८ फेब्रुवारीला वर्णपटदर्शकात ती नवी रेषा मूळ रेषेपासून सुटी, वेगळी दिसली. प्रकाश रेणूला थोडी ऊर्जा देऊन किंवा त्याच्याकडून घेऊन बाहेर पडतो, आणि त्या फरकावरून रेणूची जडणघडण वाचता येते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ते मी सांगत नाही. पण बंगळूरचं एक पान वगळून चालणार नाही. १९३३ मध्ये रामन इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले हिंदी संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने झालेली कमला भागवत हिने तिथे अर्ज केला. तिचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. दुर्गाबाईंची ही बहीण. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ज्याच्यासाठी बहूबाजारात कुणीतरी काही न विचारता दार उघडलं होतं, त्याने हे करावं! मोठ्या माणसाचं मोठेपण सांगताना हे पान फाडून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, मला ती मान्य नाही. कमलाबाई हटल्या नाहीत. बंगळूरला जाऊन समोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. शेवटी एक वर्ष परीक्षेवर, अपमानकारक अटींसह प्रवेश मिळाला. वर्षअखेर काम पाहून तो कायम झाला. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून कमला सोहोनी म्हणून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवायला आल्या आणि तिच्या संचालकही झाल्या.

त्यानंतर रामन यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत मुली आल्या. १९४० मध्ये आलेल्या अ‍ॅना मणी त्यांपैकी एक. हिरे आणि माणिक यांच्या प्रकाशावर त्यांनी पाच वर्षं काम केलं. एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. भौतिकशास्त्र पुढे शिकायचं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या, तर शिष्यवृत्ती निघाली हवामानाच्या उपकरणांची. त्या तेही शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामानखात्यात सरकारी नोकरीवर रुजू झाल्या. तोवर बाहेरून मागवाव्या लागणाऱ्या सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी इथे तयार करून दिले. रामन प्रयोगशाळेकडे गेले ते हिशेबखातं सोडून. अ‍ॅनाबाई उलट्या दिशेने, प्रयोगशाळेतून सरकारी खात्यात आल्या. त्यांच्याबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, ते पुढच्या एखाद्या भागात.